काळ्या दगडाखालचा चिखल

मोशीच्या दगडखाणीत डायनासोरचं हाड सापडेल का?

दोस्तांनो, प्रश्न अगदी रास्त आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा सगळा पट्टा म्हणजे सतत खणली जाणारी जमीन. कुठे कारखान्याचा पाया, कुठे पुलाचा खांब, कुठे नव्या सोसायटीची बोअर. मोशीच्या खाणींत तर वर्षानुवर्षं सुरुंग लावून दगड फोडला गेला, क्रशरमध्ये त्याची खडी झाली आणि ती आपल्या रस्त्यांखाली, घरांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसली. एवढं खणल्यावर एखादा तरी डायनासोर हाताला लागायला हवा होता!

उत्तर ऐकून थोडा हिरमोड होईल. त्या काळ्या दगडात डायनासोरचं हाड सापडणार नाही.

पण ते का सापडणार नाही हे एकदा कळलं, की मग कुठे सापडेल हेही आपोआप कळतं. आणि ती जागा अमेरिकेत नाही की चीनमध्ये नाही. आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तिथल्या एका लहानशा गावाच्या शिवारात जे मिळालं, त्यामुळे शास्त्रज्ञांना गवताचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. गवताचा? हो, गवताचाच! कसा, ते पुढे येईलच.

फाउंड्रीतला रस आणि सह्याद्री

आपल्या भागातला दगड काळा, जड आणि टणक. शास्त्रज्ञ त्याला बसाल्ट म्हणतात, आपण काळा पाषाण किंवा नुसतं कातळ म्हणतो. घोरावडेश्वरची लेणी त्यातच कोरलेली आहेत. भंडारा डोंगर त्याचाच. पवना-इंद्रायणीच्या पात्रात उघडा पडलेला खडकही तोच.

हा दगड एके काळी दगड नव्हता, रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रात असतो तसा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. पुराचं पाणी शेतात पसरावं तसा हा रस पसरला आणि थिजला. काही काळानं त्यावर दुसरा लोट आला, मग तिसरा. असे थरावर थर बसले. आज हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमिनीवर पसरलेला आहे. सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ना? त्या पायऱ्या म्हणजेच हे थर. म्हणून तर या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव पडलं. ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

आता तुमच्या ओळखीचे कुणी काका भोसरीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत ओतकाम करत असतील, तर त्यांना विचारा : तापलेल्या लोखंडाच्या रसात लाकडाची काडी पडली तर काय उरेल? काका हसतील. उरणार काय, धूर! लाव्हाही एक हजार अंशांहून जास्त तापलेला असतो. त्याच्या वाटेत आलेलं झाड, प्राणी, घरटं, काहीही असो, बहुतेक वेळा त्याची राखच व्हायची. म्हणून थिजलेल्या लाव्हात हाडं शोधणं म्हणजे तव्यावर बर्फ शोधण्यासारखं आहे.

फसवी अंडी, फसवी झाडं

तरीही अधूनमधून कुणीतरी धापा टाकत येतं : “डायनासोरचं अंडं सापडलं!” आणि हातात खरोखरच गोल गरगरीत दगड असतो. पापुद्रेही असतात, अगदी टरफलासारखे.

रस्त्यासाठी टेकडी कापलेली असेल तिथे नीट पाहा. असे गोल दगड एकाशेजारी एक रचून ठेवल्यासारखे दिसतील. ही अंडी नव्हेत. बसाल्टला भेगा असतात. भेगांमधून पाणी शिरतं आणि दगड कोपऱ्यांकडून कुजत जातो. कोपरे झिजले की चौकोनी तुकडा गोल होतो आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्याचे पापुद्रे सुटतात. याला पाण्याचीच कारागिरी म्हणायची.

दुसरी गंमत खाणीतल्या स्फटिकांची. लाव्हात वायूचे बुडबुडे असतात. लाव्हा थिजला की त्यांच्या पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मिळालेले निळेजर्द कॅव्हान्साइटचे स्फटिक तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. दिसायला सुंदर, पण प्राण्याशी किंवा झाडाशी त्यांचा संबंध नाही.

आणि घरातल्या शहाबादी फरशीवर कधी काळसर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसली तर? तीही फसवी! मँगनीजसारख्या धातूंचे क्षार फटीत शिरून अशी झाडासारखी पसरतात.

हाड टिकायला काय लागतं?

चिखल लागतो. बस्स, एवढंच! पण तो वेळेवर लागतो.

प्राणी मेला की इतर प्राणी त्याचे लचके तोडतात, किडे उरलेलं साफ करतात, ऊन-पावसानं हाडांचा भुगा होतो. बहुतेक डायनासोरांचं हेच झालं. पण एखादा प्राणी नदीकाठी किंवा तळ्याच्या कडेला मेला आणि लगेच पुरानं त्याच्यावर गाळ आणून टाकला, तर मात्र गोष्ट वेगळी. मऊ भाग कुजून जातात. हाडं चिखलात बंद होतात. मग जमिनीतलं पाणी हळूहळू हाडाच्या बारीक छिद्रांत झिरपतं. त्या पाण्यात विरघळलेले क्षार तिथे साठत जातात. लाखो वर्षं असं चाललं की हाडाचा आकार तोच राहतो, पण ते दगड होतं. वरचा चिखलही दाबला जाऊन दगड होतो. हाच गाळाचा खडक, आणि त्यात सापडतो तो जीवाश्म.

पुन्हा फाउंड्रीवाल्या काकांकडे जाऊ. ओतकाम करताना आधी वाळूचा साचा करतात. त्यात आकार उमटतो आणि मग तो भरला जातो. निसर्गाचं ओतकामही काहीसं असंच, फक्त त्याला घाई नसते.

मग कुठल्याही गाळाच्या खडकात डायनासोर सापडेल का? तसंही नाही. शहाबादी फरशी गाळाच्याच खडकाची, समुद्राच्या तळाशी साचलेली. पण ती इतकी जुनी, की ती साचली तेव्हा पृथ्वीवर हाडं असलेला प्राणीच नव्हता! म्हणजे खडक गाळाचा हवा आणि बरोबर वयाचाही हवा.

पोळ्यांच्या चवडीखालचं फडकं

लाव्हा आला त्याआधी इथे जमीन होतीच की! नद्या होत्या, तळी होती, चिखलही असणार. तो सगळा आज काळ्या दगडाखाली दडपलेला आहे. मग काळा दगड भेदून खाली गेलं तर?

असं प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर जिल्ह्यात किल्लारीला मोठा भूकंप झाला. भूकंप का झाला हे समजावं म्हणून पुढे तिथे खोल बोअर घेतली. ३३८ मीटरपर्यंत काळा दगडच लागला. त्याखाली सुमारे ८ मीटरचा गाळाचा थर लागला आणि त्याखाली अतिप्राचीन खडक. कोयनेच्या परिसरातही भूकंपांच्या अभ्यासासाठी अशीच छिद्रं पाडली. त्यांपैकी एकात सुमारे ९३३ मीटर काळा दगड लागला. सिंहगड आजूबाजूच्या जमिनीपासून जेवढा उंच आहे, त्याहूनही ही जाडी जास्त! आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला, मधे गाळ नाहीच. म्हणजे लाव्हा आला तेव्हा सगळीकडे तळी-नद्या नव्हत्या. कुठे खोलगट जागेत गाळ होता, कुठे उघडा खडक होता.

एवढ्या खोलीवरून हातभर रुंदीच्या छिद्रातून डायनासोर काही वर काढता येत नाही. मग करायचं काय? कडेला जायचं! डब्यात तळाशी फडकं घालून त्यावर पोळ्यांची चवड ठेवली, तर मधल्या भागात फडकं दिसत नाही, कडेला मात्र डोकावतं. आपल्या लाव्हाच्या चवडीचंही तसंच. पूर्वेकडे ती पातळ होत जाते. नागपूर-चंद्रपूरकडे ती संपते, आणि तिथे खालचा जुना चिखल उघड्यावर येतो.

त्या चिखलाचं नाव लमेटा

मध्य प्रदेशात जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे. तिथे हे थर स्पष्ट दिसतात, म्हणून १८६० मध्ये भूशास्त्रज्ञांनी त्यांना ‘लमेटा’ हेच नाव दिलं. वाळूचा खडक, चुनखडी, लाल-हिरवट चिकणमाती असे हे थर आहेत. जाडी कुठे काही मीटर, तर कुठे काही दशक मीटर. पण मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्रात मिळून ते शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात तुकड्या-तुकड्यांनी डोकावतात. वय? डायनासोरांच्या युगाचा अगदी शेवटचा काळ, म्हणजे क्रिटेशस कालखंडाची अखेर.

नाव मिळण्याच्या कितीतरी आधी त्यातून हाडं निघाली होती. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी कॅप्टन स्लीमन तुम्ही इतिहासात वाचला असेल. १८२८ मध्ये याच स्लीमनला जबलपूरजवळ दगड झालेली काही हाडं मिळाली. ती पुढे कोलकात्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली. ब्राह्मी लिपी वाचणारे तेच हे प्रिन्सेप. भारतात मिळालेली डायनासोरची ही पहिली हाडं. पण गंमत अशी की तेव्हा ‘डायनासोर’ हा शब्दच जन्माला आला नव्हता! तो आला १८४२ मध्ये. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी स्लीमनच्या हाडांमधल्या शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याचं नाव ठेवलं ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’.

डोंगरगाव आणि पिजदुरा

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. बाबा आमटे यांचं आनंदवन ज्या वरोऱ्याला आहे, त्या परिसरात पिजदुरा आणि डोंगरगाव अशी गावं आहेत. शास्त्रीय लेखांत पिजदुऱ्याचं नाव ‘पिसदुरा’ असंही लिहितात. पिंपरीहून हा प्रवास सुमारे ७०० किलोमीटरचा.

इथली हाडं पहिल्यांदा ओळखली स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्यानं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ठाऊक आहे ना? ते त्यांच्याच नावाचं. शाळा चालवायची, लोकांची भाषा शिकायची आणि वेळ मिळाला की दगड शोधत हिंडायचं, असा त्यांचा क्रम. १८५९ च्या सुमारास त्यांना पिजदुऱ्याला जीवाश्म मिळाले. पुढे १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला.

१९८० च्या दशकात डोंगरगावच्या टेकडीवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी खोदकाम केलं. सांख्यिकी म्हणजे आकडेमोड. आकडेमोड करणाऱ्यांचं डायनासोरशी काय काम? पण त्या संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना जीवाश्मांतही रस होता, म्हणून त्यांनी तिथे भूशास्त्राचा विभागच सुरू केला. डोंगरगावला एकाच प्राण्याच्या सांगाड्याचा बराच भाग मिळाला. पाय खांबासारखे, मान लांब, आणि खाणं झाडपाल्याचं. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. २००३ मध्ये त्याला नवं नाव मिळालं, ‘आयसीसॉरस कोलबर्टाय’. नावातलं ‘आयसी’ म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. आहे की नाही मजा? चंद्रपूरचा डायनासोर, आणि नाव आकडेमोडीच्या संस्थेचं!

त्या काळी हा प्रदेश कसा होता? भारत आशियाला जोडलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रानं वेढलेला, उत्तरेकडे सरकत असलेला भूभाग होता तो. डोंगरगावला तळं होतं, पिजदुऱ्याला पूर येणारी सपाट जमीन होती. पावसाळा आला की पाणीच पाणी, मग लांबलचक कोरडा काळ. मासे होते, कासवं होती, गोगलगाई होत्या, साप होते. आणि सगळ्यांच्या वरती मान काढून चालणारे टायटॅनोसॉर.

शेणातला खजिना

पिजदुऱ्याला हाडांपेक्षाही जास्त प्रसिद्धी मिळाली ती एका वेगळ्याच गोष्टीला. नाक मुरडू नका. शेणाला!

दगड झालेल्या विष्ठेला कॉप्रोलाइट म्हणतात. पिजदुऱ्याच्या लाल मातीत असे गोळे मोठ्या संख्येनं मिळाले. चार्ल्स मॅटली या शास्त्रज्ञानं १९३९ मध्ये त्यांच्यावर खास लेख लिहिला. हाडं सांगतात प्राणी केवढा होता. पण तो खात काय होता? ते शेणच सांगणार.

२००४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या गोळ्यांत चक्क बुरशी शोधली. द्राक्षाच्या पानावर भुरी पडते, ती पाडणाऱ्या बुरशीच्या जातकुळीतली. भुरी पडते पानांवर. म्हणजे तो प्राणी पानं खात होता, आणि त्याची झाडंसुद्धा आजारी पडत होती!

खरा धक्का बसला २००५ मध्ये. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, तसंच हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी पिजदुऱ्याचे गोळे आम्लात विरघळवले आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्यांना काचेसारखे अतिसूक्ष्म कण दिसले.

हे कण तुमच्या ओळखीचे आहेत. उसाच्या किंवा गवताच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरलं की कापतं, हो ना? कारण गवत जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य, शोषून घेतं आणि आपल्या पेशींमध्ये साठवतं. पेशीच्या आकाराचा कण तयार होतो. गवत कुजलं, जळलं, कुणी खाऊन पचवलं, तरी कण शाबूत राहतो. शिवाय वेगवेगळ्या गवताच्या कणांचा आकार वेगवेगळा. डंबेलसारखा, खोगिरासारखा. त्यावरून गवत ओळखता येतं.

त्या शेणात किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण होते. तोपर्यंत समज असा होता की गवत आलं ते डायनासोर गेल्यानंतर. डायनासोरच्या चित्रात पायाखाली गवत दाखवलं तर ती चित्रकाराची चूक मानत. पिजदुऱ्याच्या शेणानं दाखवून दिलं की डायनासोर होते तेव्हा भारतात गवत तर होतंच, पण त्याच्या निरनिराळ्या जातीही झालेल्या होत्या. आहारात त्याचा वाटा मात्र थोडा होता. पोट भरायचं ते मुख्यतः इतर झाडांवर.

२०११ मध्ये याच परिसरातल्या पुराव्यांवरून आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या गवतांत भाताच्या कुळातलीही गवतं होती. अर्थात आपला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ नव्हे. त्यांचे फार फार दूरचे खापरपणजोबा म्हणा हवं तर.

अंडं, पिल्लू आणि साप

लमेटाच्या थरात अंडीही आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमध्ये बालासिनोरजवळ, सिमेंटसाठी चुनखडी काढतात त्या भागात, पपनसाएवढी गोल अंडी मिळाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी त्यांचा अभ्यास केला. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून तर ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचं प्रसिद्ध झालं.

मोहबे यांना १९८४ मध्ये गुजरातमधल्या ढोली डुंगरीला एक दगड मिळाला होता. त्यात अंडी होती आणि बारीक हाडं होती. सगळी हाडं अंड्यातून निघालेल्या पिल्लाचीच असावीत असं तेव्हा वाटलं. २००१ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि ते थबकले. काही मणके डायनासोरचे नव्हतेच, सापाचे होते!

दगड आणखी काळजीपूर्वक साफ केला. मग चित्र स्पष्ट झालं : फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, आणि शेजारी जेमतेम अर्ध्या मीटरचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू. साप घरट्यावर आला असताना वरून वाळू-चिखल ढासळला असावा आणि तो क्षण तसाच गोठून राहिला. २०१० मध्ये हा शोध जगापुढे आला. सापाचं नाव ठेवलं ‘सनाजेह इंडिकस’.

लाव्हा आला तेव्हा

लाव्हा येताच सगळे डायनासोर एका दिवसात मेले का? नाही. दोन लोटांच्या मधे बराच काळ जायचा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कापलेल्या डोंगरात काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टे दिसतात, ते याच मधल्या काळाची खूण. अशा काळात तळी साचायची, झाडं उगवायची. नागपूरच्या टाकळी भागात अशा मधल्या थरात डायनासोरच्या अंड्यांची टरफलं मिळाली आहेत. म्हणजे पहिल्या लोटांनंतरही ते जगत होते, अंडी घालत होते. मुंबईत वरळीला मधल्या थरात इवलेसे बेडूकही मिळाले, पण ते डायनासोर संपल्यानंतरचे. त्याच सुमारास आजच्या मेक्सिकोजवळ एक प्रचंड अशनीही येऊन आदळला होता. अशनीचा वाटा किती आणि लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालतो.

एक दगड उचलला तर काय बिघडलं?

ढोली डुंगरीच्या त्या दगडातलं छानसं अंडं तेवढं फोडून कुणी घरी नेलं असतं, तर? शोकेसमध्ये एक गोल दगड वाढला असता. साप गेला असता, पिल्लू गेलं असतं, सगळी गोष्टच गेली असती. तो दगड सबंध राहिला, जपून राहिला, म्हणून सतरा वर्षांनी दुसऱ्या कुणाला त्यात साप दिसला.

स्लीमनच्या हाडांचंही ऐका. नाव मिळालेल्या त्या पहिल्या डायनासोरचा मूळ नमुना पुढे कुठे गेला, याचा पत्ताच लागेना. २०१२ मध्ये मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच मिळाला. लिहून ठेवलेला क्रमांक होता म्हणून ओळख पटली. नाहीतर कपाटातला एक जुना दगड, एवढंच!

पिजदुऱ्याचे बरेचसे जीवाश्म शेतांत, उघड्यावर असतात. नांगर फिरतो, पाऊस पडतो, हौशी माणूस येतो आणि खिशात घालून नेतो. दगड कुठे होता, कुठल्या थरात, शेजारी काय होतं, ही माहिती एकदा गेली की परत येत नाही. बालासिनोरजवळ रैयोलीला जीवाश्म उद्यान आहे आणि २०१९ मध्ये तिथे संग्रहालयही झालं. अशा जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारनं २०२२ मध्ये एका कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. पण प्रत्येक शेतावर पहारेकरी ठेवता येत नाही. तिथे आपलं शहाणपणच कामाला येणार.

म्हणून कधी विदर्भात मामाच्या गावी गेलात आणि शेतात विचित्र दगड दिसला, तर तो उचलू नका, फोडू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा. गावाचं नाव, शेत, तारीख वहीत लिहा. मग शाळेतल्या सरांना किंवा बाईंना दाखवा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. शंभरातले नव्व्याण्णव दगड साधे निघतील. निघू द्या. पिजदुऱ्याचे गोळेही दिसायला साधेच होते.

करून पाहा

१. गणपतीची उरलेली शाडू माती भिजवा. अर्ध्या मातीची वडी थापून त्यावर शिरा ठसठशीत असलेलं पान ठेवा. वरून राख भुरभुरा आणि उरलेल्या मातीचा दुसरा थर दाबा. आठवडाभर सावलीत वाळवा आणि अलगद दोन भाग करा. पान सुकलेलं असेल, पण शिरा मातीत उमटलेल्या असतील. हा तुमचा ‘जीवाश्म’!

२. शहाबादी फरशीचा एखादा पडलेला तुकडा आणि खडीचा तुकडा घ्या. दोन्ही खिळ्यानं खरवडून त्या जागी लिंबाचा रस टाका आणि भिंगातून पाहा. फरशीवर बारीक बुडबुडे येतील, कारण ती चुनखडीची आहे. खडीवर काहीच होणार नाही. हा प्रयोग आईच्या ओट्यावर मात्र करू नका. डाग पडला तर त्याला लमेटाचे शास्त्रज्ञसुद्धा काही करू शकणार नाहीत!